न आलेल्या पेशंटचं औषध

भूत, करणी, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नाही. पेशंटनं मांत्रिकाचं नाव काढलं तरी मी खेकसायचो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण झालं ते झालं.

सत्तरच्या दशकात वडूजला एस.टी. स्टँडमागे दोन खोल्यांत माझा दवाखाना होता. आजारी माणसाला आणणं जमलं नाही की घरचं कोणीतरी रिकामी बाटली घेऊन यायचं, लक्षणं सांगायचं आणि मिक्श्चर घेऊन जायचं. तेव्हा सगळीकडे हीच रीत.

एक आजी दर बाजाराच्या दिवशी लेकासाठी यायची. उजव्या कानाची पाळी फाटलेली. आधी म्हणाली, कोरडा खोकला हाय. मग संध्याकाळचा ताप. मग थुंकीत रक्त. मी चिडलोच.

"आजी, हा क्षय वाटतोय. त्याला इथं आणा. बाटलीनं बरं होणारं दुखणं नाही हे."

"आवं डॉक्टर, त्येला चालवत न्हाई. आता पानीबी गिळंना. तुमीच या."

गाव, नाव विचारून दुपारीच सायकल काढली. बघतो तर लेक, सर्जेराव, रानात नांगर धरून उभा! अंगानं पैलवान.

"आई कुठाय रे तुझी?" मी रागातच विचारलं.

"आई? तिला जाऊन वरीस झालं की."

मी फाटक्या पाळीचं सांगितलं, तसा तो "आईच ती," म्हणाला आणि औताचे बैल सोडायला लागला.

साताऱ्याला नेऊन त्याच्या छातीचा फोटो काढला. स्वच्छ! मला केवढं हायसं वाटलं.

पावसाळ्यात तो आपल्या पायानं दवाखान्यात आला. कोरडा खोकला...

तेव्हाही क्षय बरा व्हायचा. इंजेक्शनं होती, गोळ्या होत्या. एकही डोस मी चुकू दिला नाही, घरी जाऊन टोचत होतो. तरी ताप आला, रक्त आलं, तिनं सांगितलं होतं त्याच क्रमानं.

"आईनं समदं सांगून ठिवलंय. उगं कशाला टोचताय?" तो म्हणायचा. मला त्याच्याकडे बघवत नसे.

होळीआधी गेला. तिशीसुद्धा ओलांडली नव्हती.

ती कोण होती, मला माहीत नाही. पेशंट दगावला की आम्ही डॉक्टर नातेवाइकांना एक वाक्य ठरलेलं ऐकवतो — 'आणायला उशीर केलात.' तिला काय सांगू? ती तर वेळेच्या कितीतरी आधी आली होती.