जिनयेने केबल काढली

आमच्या शीलुओ गावात ल्याव आडनावाची माणसं इतकी, की एका ल्यावला दगड मारावा तर तो दुसऱ्याच ल्यावला लागायचा. त्यातल्या ल्याव वानफूची बायको जिनये. बाजारात फटकळ, घरात मात्र मूग गिळून बसणारी. लग्न होऊन आली आणि सोया सॉसच्या कारखान्यात रांजण ढवळायला लागली, ती केस पांढरे झाले तरी ढवळतच होती. आम्हाला वाटायचं, हिला आयुष्यात काही नकोच असावं. कसलं काय! तिला एक गोष्ट हवी होती, पण कुणी विचारायची तसदी घेतली नव्हती.

तिला एक मालिका पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत सलग बघायची होती.

हसू नका. बाई कारखान्यातून घरी यायची तेव्हा मालिका निम्मी झालेली. टेकते न टेकते तोच सासऱ्यांना चहा, नवऱ्याला सूप, पोरीला आंघोळ. हात पुसत बाहेर यावं तर नायिका दवाखान्यात. कुणी ढकललं, कशी पडली, काही पत्ता नाही. विचारलं की वानफू म्हणायचा, "मधेच उठून जातेस आणि मग आमचं डोकं खातेस." पुढे सासरे वारले, रिमोट वानफूकडे आला आणि मालिकाच संपल्या. सकाळ-संध्याकाळ बातम्या. तिकडे टाय लावलेली चार माणसं भांडायची आणि इकडे खुर्चीत बसून वानफू त्यांना सामील व्हायचा.

जिनये कामावरून निवृत्त झाली, त्यानंतरची ही गोष्ट. त्यांची मुलगी इलिंग ताइचुंग शहरात नोकरी करते. सुट्टीला आली तेव्हा तिने आईला आपल्या फोनवर मालिका लावून दिली.

"आई, आता मालिका तुझ्यासाठी थांबते. उठलीस की हे दाबायचं, आलीस की पुन्हा दाबायचं."

"मी बाजारात गेले तर?"

"तरी थांबेल."

"आणि मेले तर?"

"तरीही थांबेल, आई."

जिनयेने ते एकदा दाबून बघितलं, पुन्हा दाबलं. मग म्हणाली, "हे टीव्हीवर लाव. आणि केबल काढून टाक."

"अगं, दोन्ही ठेवू की. बाबांच्या बातम्या..."

"नको. ती वायर घरात आहे तोवर रिमोट त्याचा. मी काय ओळखत नाही त्याला?"

वानफू खुर्चीतून ताडकन उठला. केबल काढायची म्हणजे काय? केबलला परवानगी नव्हती, लोक चोरून घेत होते त्या काळात त्याच्या वडिलांनी ही वायर शेजाऱ्यांच्या छपरांवरून ओढून आणली होती. सगळी गल्ली टीव्ही बघायला यायची. "बाबांनी आणलीय," तो म्हणाला. "बाबांना विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

विचारणं अवघड नव्हतं. टीव्हीच्या वरच्या बाजूलाच देव्हारा, देवाच्या शेजारी पितरांची पाटी, आणि समोर कौलाच्या दोन लाकडी फाका. एक उताणी, एक पालथी पडली की होकार. दोन्ही पालथ्या म्हणजे नकार. दोन्ही उताण्या पडल्या तर वरचा हसतोय असं समजायचं.

वानफूने उदबत्ती लावली आणि घसा साफ केला. "बाबा, जिनयेचं डोकं फिरलंय ना? आणि केबल ठेवायची ना?"

फाका पडल्या. दोन्ही उताण्या.

"हसले," इलिंग म्हणाली.

वानफूने पुन्हा टाकल्या. पुन्हा दोन्ही उताण्या. तिसऱ्यांदा त्याने जरा वरून टाकल्या, तर दोन्ही पालथ्या.

"नाही म्हणाले."

"कशाला नाही?" वानफू चिडला.

"ते आता कसं कळणार? एका दमात दोन प्रश्न कुणी विचारतं का, बाबा? आजोबा उत्तर तरी कशाचं देणार? आईचं डोकं ठिकाणावर आहे असं म्हणाले असतील."

इतका वेळ जिनये दाराशी उभी होती. ती पुढे आली, खाली पडलेल्या फाका उचलल्या, पँटला पुसल्या, आणि न टाकता जागेवर ठेवून दिल्या. मग तिने नवी उदबत्ती लावली.

"मामंजी," ती म्हणाली, "मी विचारायला आले नाही, सांगायला आलेय. या घरात आल्यापासून जे काही केलं ते तुम्हाला विचारून केलं. तुम्ही होतात तोवर तुम्हाला, नंतर तुमच्या पोराला. तुमच्या तिथीला भात मी मांडते, नैवेद्याची मासळी मी तळते, उद्याही तळीन. पण ही वायर मी काढतेय. राग आला तर माझ्या स्वप्नात या, याच्या नको."

जिनयेने टीव्हीखालचा केबलचा डबा वायरीसकट उपटला, स्कूटरच्या पुढ्यात ठेवला आणि थेट केबलच्या कार्यालयात गेली.

तिथल्या पोरीने संगणकात बघितलं. "आजी, खातं ल्याव तियेनछाय यांच्या नावावर आहे. त्यांना स्वतः यावं लागेल."

"ते माझे सासरे, वारले. किती वर्षं झाली."

"मग त्यांची संमती..."

"आजच सकाळी बोलणं झालंय," जिनये म्हणाली. "हे घ्या." आणि डबा टेबलावर ठेवून चालू लागली. कागदांचं नंतर इलिंगने निस्तरलं.

वानफू काही दिवस तोंड फुगवून होता. मग इलिंगने त्याच्या फोनवर भांडणारी माणसं लावून दिली, कानात हेडफोनची बोंडं घातली, आणि तो अंगणात बसून एकटाच हातवारे करायला लागला. आत टीव्हीसमोर जिनये. कुणी हाक मारली की मालिका थांबवायची, काम उरकायचं, परत यायचं. नायिका पडली ती बघितली, कुणी ढकलली तेही बघितलं. एकदा वानफूने अंगणातून सूप मागितलं, तर थांबवायचं बटण हाताशी असूनही तिने दाबलं नाही. "भांड्यात आहे, घे वाढून," एवढंच म्हणाली. त्याने घेतलं वाढून, गुपचूप.

शेवटचा भाग संपला तेव्हा इलिंगचा फोन आला. "काय आई, कसा होता शेवट?"

"भिकार," जिनये म्हणाली. "त्या नालायकाला माफ केलं तिने. मी असते तर केलं नसतं." बोलता बोलता ती मुसमुसायला लागली. इलिंग घाबरली, काय झालं म्हणून विचारायला लागली.

"काही नाही गं," जिनये डोळे पुसत म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा, सगळं बघून, मला एखादा शेवट आवडला नाही."