दोन श्रावणांचं वर्ष

माझ्या सासऱ्यांचा वाढदिवस एक जूनला येतो. पासपोर्टवर तसं आहे, पेन्शनच्या कागदांवर तसं आहे आणि सिंगापूरच्या लाँग टर्म पासवरही तसंच आहे. इथे आमच्या पासिर रिस भागात मुलांकडे राहायला आलेले जे मराठी आजी-आजोबा आहेत, त्यांतल्या निम्म्यांचा वाढदिवस एक जूनलाच असतो. कारण मराठी माणसाला सांगायला नको. पोराला शाळेत घालायला आणलं की जन्मतारीख कोणाला ठाऊक नसायची. मास्तर पोराकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघायचे आणि वय बसेल अशा बेताने एक जून टाकून मोकळे व्हायचे. बाबा, म्हणजे माझे सासरे, स्वतः प्राथमिक शाळेत मास्तर होते. "अर्ध्या तालुक्याला मीच जन्माला घातलंय," असं ते मोठ्या ऐटीत सांगत. सासूबाई होत्या तेव्हा हे ऐकलं की "काहीतरीच बोलायचं" म्हणून आत निघून जायच्या.

सासूबाई गेल्यावर बाबा कायमचे आमच्याकडे आले. आले ते आपली एक सवय घेऊन. शाळेत रोज सकाळी फळ्यावर दिनविशेष लिहायचा, ही त्यांची नोकरीभरची रीत. आज कोण जन्मलं, कोण वारलं, कुठे काय घडलं. इथे आल्यावर त्यांनी आमच्या ब्लॉकजवळच्या दुकानातून एक छोटा पांढरा बोर्ड आणला, फ्रिजला चिकटवला आणि पहिल्याच सकाळी वळणदार अक्षरात कुठल्याशा शास्त्रज्ञाचा जन्म लिहून टाकला. मी बँकेत हिशेबाच्या खात्यात आहे. सकाळी माझी धावपळ असते, आणि डबा काढायला फ्रिज उघडला की तो बोर्ड धाडकन पायावर पडायचा. दोनदा पडला, तिसऱ्यांदा मी बोललेच. दुसऱ्या दिवशी बाबांनी तो चार चुंबक लावून पक्का केला. दिनविशेष मात्र बंद झाला नाही. माझी मुलगी त्या बोर्डवरच मराठी वाचायला शिकली. इथल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गाने जे जमलं नाही ते फ्रिजने करून दाखवलं.

ही गोष्ट दोन हजार अठराची. कागदोपत्री बाबांना नव्वद पूर्ण होत होती. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, सगळ्या एक जूनवाल्यांचा एकत्र वाढदिवस झाला. एकच केक, सहा-सात सुऱ्या आणि ओवाळायला आम्ही सुना-लेकी रांगेने. शेजारची चिनी आजी थांबून बघत राहिली आणि शेवटी तिने मला विचारलं, हे सगळे भाऊ का? मी हो म्हणून टाकलं. समजावत बसले असते तर तबकातलं निरांजन विझलं असतं.

घरी आल्यावर मुलीने बाबांपुढे एक मोठा कागद ठेवला. ती पंधरा वर्षांची, शाळेला सुट्टी लागलेली, आणि सुट्टीचे पहिले दिवस तिने त्या कागदापायी घालवले होते. वर मोठ्या अक्षरात 'जून १९२८', खाली एका बाजूला घडामोडी, दुसऱ्या बाजूला प्रसिद्ध जन्म. विमानातून अटलांटिक ओलांडणारी पहिली बाई, कुठला क्रांतिकारक, कुठले नट. सगळं मराठीत, स्वतःच्या हाताने.

बाबांनी चष्मा लावला. लाल पेन मागितलं. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केल्याशिवाय त्यांना कौतुक करता येत नाही.

"आपलं हॉकीचं सुवर्णपदक कुठाय?" त्यांनी विचारलं.

"ते मे महिन्यातलं, आजोबा. जस्ट मिस झालं, लाह." हे 'लाह' म्हणजे इथल्या मुलांच्या बोलण्याचं शेपूट.

"अरेरे," बाबा म्हणाले, आणि खरंच हळहळले. मग कागद पुन्हा वरून खाली वाचला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सुरेख केलंस. पण बाळा, हा महिना माझा नाही."

"कोणाचाच नाही, बाबा," माझा नवरा म्हणाला आणि आम्ही हसलो.

तेवढ्यावर विषय संपला असता. पण त्या वर्षी नेमका अधिक महिना चालू होता आणि मी एका मैत्रिणीने दिलेले अनारसे बशीत घालून आणले. बाबांनी एक तुकडा मोडला आणि सहज म्हणाले, "माझ्या वर्षीही अधिक आला होता. दोन श्रावण झाले होते. आत्या सांगायची."

मुलीने लगेच फोन उघडला. जुन्या वर्षांची पंचांगंही आता फोनवर मिळतात. थोड्या वेळाने ती ओरडली, "आजोबा, अठ्ठावीस बरोबर आहे! दोन श्रावण आहेत! वर्ष करेक्ट, महिना राँग. अजून काय सांगायची आत्या?"

"गौरी गेल्या होत्या, गणपती अजून बसलेले होते, तेव्हा मी झालो."

"म्हणजे सप्टेंबर!" तिने कागद उलटा केला. "मी नवीन करते. सप्टेंबरचा. तुमचा खरा."

"नाही करायचा." बाबांचा आवाज चढला. आमच्या घरात तो कधी चढला नव्हता. "तो महिना काढायचा नाही. कळलं?"

मुलगी रडत खोलीत गेली. मला राग आवरेना. पोरीने मेहनत करून काही करावं आणि म्हाताऱ्या माणसाने वाढदिवसाच्या दिवशीच तिच्यावर खेकसावं, हे काही मला पटणारं नव्हतं. नवरा "जाऊ दे गं" म्हणाला. त्याचं सगळं आयुष्य 'जाऊ दे गं'वर चाललंय.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी बाबा आणि मी मंडईत गेलो. परत येताना ते बाकावर बसले, मी पिशव्या खाली ठेवल्या आणि सरळच विचारलं, "बाबा, काल काय झालं तुम्हाला? पोर अजून तोंड फुगवून बसलीये."

ते मग म्हणाले, "तो महिना काढला की पुढचा पंधरवडाही काढावा लागतो."

आणि त्यांनी सांगितलं. ते जन्मले, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईला ताप भरला, उतरलाच नाही, आणि पितृपंधरवड्यात ती गेली. बाबांना आत्याने वाढवलं. जीव लावून वाढवलं. पण भावाचा संसार असा मोडलेला तिलाही बघवत नसे. पुढे दरवर्षी नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची नवमी, अविधवा नवमी आली, की घरात बाबांच्या आईच्या नावाने पान वाढलं जाई. तांदळाची खीर, वडे, आमसुलाची चटणी. खीर त्या घरात एरवी होत नसे. त्यामुळे बाबांना, चार-पाच वर्षांचे असताना, वाटायचं की आपल्या वाढदिवसाची खीर आहे. कोणीतरी सांगितलं होतं ना, गणपतीच्या सुमाराला तू झालास म्हणून.

"एकदा मी वाटी पुढे केली," बाबा म्हणाले, "आणि म्हणालो, माझी खीर आधी मला. आत्या म्हणाली, आईला खाल्लंस तेवढं पुरे नाही झालं?"

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

"वाईट नव्हती ती. बोलली आणि स्वतःच रडत बसली. पण ते शब्द गेले नाहीत. शाळेत मास्तरांनी एक जून टाकली ना, मला इतकं बरं वाटलं होतं! म्हटलं, सुटलो. आता कोणी विचारलं तर सांगायला तारीख आहे."

मला एकदम कळलं की बाबा नवमीला खीर का खात नाहीत. लग्न होऊन आले त्या वर्षीच सासूबाईंनी बजावलं होतं, ह्यांना त्या दिवशी खीर वाढायची नाही आणि का म्हणून विचारायचंही नाही. मी न विचारता इतकी वर्षं वाढली नव्हती, आणि मनात मात्र धरून होते की ह्यांना माझ्या हातची खीर आवडत नाही. बाबांचे वडील गेल्यावर ती नवमी करायचं खरं तर कारण नव्हतं. बरेच जण सोडून देतात. बाबांनी सोडली नाही. आता तर सासूबाईंचंही पान त्याच दिवशी. दरवर्षी ते दोन्ही पानांना हात जोडत, वरणभात जेवत आणि उठत.

मुलीला मी सगळं सांगितलं. बाबांनी सांगू नकोस म्हटलं नव्हतं, आणि आजोबा आपल्यावर चिडले असं पोरीने धरून बसणं मला बघवत नव्हतं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिने विचारलं, "ताप कितव्या दिवशी आला?" मी सांगितलं. "डिलिव्हरी घरीच?" म्हटलं, अगं, त्या काळी आणखी कुठे असणार? ती हूं म्हणाली आणि आपल्या पुस्तकांकडे गेली. मला जरा रागच आला. आजकालची मुलं कोरडी, असं मी रात्रीच्या जेवणात नवऱ्याला म्हटलंसुद्धा.

गणपती आले, गेले. आमच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन इथे बादलीतच होतं. बाबा त्या दिवसांत दरवर्षीसारखेच गप्प होते. मी आधी ते कधी पाहिलं नव्हतं, त्या वर्षी पाहिलं.

नवमीला मी रजा घेतली. सवाष्ण म्हणून बुकित पंजांगहून मैत्रीण यायची होती. बिचारी दोन गाड्या बदलून येते, म्हणून मी सकाळपासून स्वयंपाकाला लागले. मुलगी शाळेत जाताना फ्रिजपाशी काहीतरी खुडबुड करत होती. डबा घेत असेल म्हणून मी बघितलं नाही. मग बाबा आंघोळ करून आले, बोर्डाचं पेन उचललं आणि तसेच उभे राहिले.

बोर्ड आधीच भरलेला होता. मुलीचं अक्षर, किंचित तिरपं. वर 'दिनविशेष', खाली 'सप्टेंबर १९२८', आणि मग:

'लंडनच्या एका प्रयोगशाळेत बशीत बुरशी उगवली. तिच्या आसपासचे जंतू मेले. त्यातून पुढे पेनिसिलिन आलं. आजोबांच्या आईला जो ताप आला, तो बहुतेक याच औषधाने बरा होणारा होता. पण औषध माणसांपर्यंत पोचायला आणखी बरीच वर्षं लागली. आजोबा आणि हे औषध एकाच महिन्यात जन्मले. यात आजोबांची चूक नाही.'

एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती. बाबांनी ती दुरुस्त केली नाही.

"हे खरं आहे?" त्यांनी मला विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं, बाबा. तिलाच विचारा."

दुपारपर्यंत ते जेवायला बसले नाहीत. मैत्रीण जेवून, ओटी घेऊन गेली. दोघींची पानं आधीच मांडून झाली होती. कावळ्याचा घास इथे ठेवायची सोय नाही. खाली पाटीच आहे, पक्ष्यांना खायला घालू नये. तरी मी खिडकीच्या कट्ट्यावर एक वाटी ठेवते, आणि साळुंक्या येऊन निमूट नेतात. बाबा खुर्चीत बसून दाराकडे बघत होते.

मुलगी आली तशी त्यांनी तिला समोर उभी केली आणि मास्तरांच्या आवाजात विचारलं, "ताप कशाने आला होता?"

"जंतूंनी. हातावरून जातात, कपड्यांवरून, नाळेच्या दोरा-ब्लेडवरून. तेव्हा घरी बाळंतपण करणाऱ्यांना हे नीट माहीत नव्हतं."

"बाळामुळे नाही?"

"बाळामुळे?" ती इतकी दचकली की दप्तर तिच्या खांद्यावरून घसरलं. "हाऊ कॅन, आजोबा! बाळ काय करणार? बाळाला काहीच करता येत नाही, लाह."

"परत सांग."

"बाळामुळे नाही," ती म्हणाली, आणि या वेळी सावकाश, एकेक शब्द नीट लावून.

बाबांनी मान हलवली, जणू उत्तर बरोबर आलं होतं. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मुलगी त्यांच्या गळ्यात पडली. मी ओट्याकडे तोंड फिरवलं, कारण मला रडताना कोणी पाहिलेलं आवडत नाही.

"वाढ आता," ते मला म्हणाले.

मी वरणभात वाढला, वडे ठेवले, चटणी ठेवली. सवयीने पातेलं झाकून बाजूला सरकवलं. बाबांनी पानातली रिकामी वाटी उचलली आणि माझ्यापुढे धरली. मी खीर वाढली, अर्धी वाटीच, जास्त वाढायला भीती वाटली.

त्यांनी पहिला घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात तसाच ठेवला.

"सूनबाई," ते म्हणाले, "दरवर्षी अशीच करतेस?"

"हो, बाबा."

"चांगली करतेस की," ते म्हणाले, आणि वाटी पुन्हा पुढे केली.