ज्यानं ठोकलं त्यानं काढायचं

२ मे. काकीच्या होडीचा मागचा फळा कापायला घेतला. ऊन कडक आहे, हवा कोरडी आहे, पावसाला अवकाश आहे. फायबरचं काम असल्याच दिवसांत उरकावं. दमट हवेत रेझिन नीट धरत नाही. तोंडाला फडकं बांधलं, ग्राइंडर हातात घेतला, आणि तेवढ्यात खाडीच्या तोंडाशी एका इंजिनचा आवाज आला. मी तशीच उभी राहिले. आवाज जवळ आला, जेटीकडे वळला, बंद पडला. मग स्वतःवरच वैतागले आणि कामाला लागले.

ही खोड माझी नाही. ती शेजारच्या काकीची.

तुम्ही तिच्याशी बोलत असा, ती मासे कापत असो की कुणाशी भांडत असो, समुद्राकडून इंजिनचा आवाज आला की काकीचं एक बोट वर जायचं. मान जराशी तिरकी. सगळं गप्प. मग बोट खाली यायचं आणि ती म्हणायची, "तो न्हाय." आणि वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं चालू. भांडण असलं तर भांडणसुद्धा. तेवढ्या वेळात समोरची बाई आपला मुद्दा विसरलेली असायची. काकी कधी विसरली नाही.

"तो" म्हणजे तिचा नवरा. बऱ्याच वर्षांपूर्वी, दसऱ्यानंतरच्या दिवसांत, तो पहाटे एकटाच होडी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी काशीदच्या बाहेर होडी सापडली. जाळं अर्धं आत, अर्धं पाण्यात. डबा न उघडलेला. समुद्र शांत होता. आमच्याच गावच्या माणसांनी ती होडी दोर लावून ओढत आणली आणि काकीच्या घरासमोर वाळूवर चढवली. माणूस काही सापडला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

आता बुचाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडच्या प्रत्येक होडीला मागच्या फळ्यात तळाशी एक भोक असतं. होडी वाळूवर चढवली की त्यातलं बूच काढायचं, म्हणजे आतलं पाणी निघून जातं. परत लोटायच्या आधी बूच ठोकून बसवायचं. आणि नियम असा, की ज्यानं ठोकलं त्यानंच काढायचं. त्यात देवाधर्माचं काही नाही. दोघांनी हात घातला की एकाला वाटतं दुसऱ्यानं बसवलंय, आणि होडी भोकासकट पाण्यात जाते. असं झालेलंही आहे.

काकीच्या नवऱ्यानं त्या पहाटे बूच ठोकलं होतं. स्वतः तासलेलं लाकडाचं बूच, वर चिंधी गुंडाळलेली. होडी वाळूवर आली तेव्हा ते तसंच होतं. कुणीतरी काढायला वाकला, तर काकीनं त्याचा हात धरला.

"हात लावू नको. ज्यानं ठोकलं तो काढील."

त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं. अशा वेळी बाई काय म्हणते त्यावर कोण वाद घालणार? पण काकी पुढच्या वर्षीही तेच म्हणाली, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी.

म्हणून पावसाळ्यात होडी पाण्यानं भरायची. काकी सकाळी चहाच्याही आधी एक प्लास्टिकचा मग घेऊन होडीत चढायची आणि पाणी उपसायची. मी तिला ताडपत्री दिली होती. पहिल्याच वादळात ताडपत्री शेजारच्या माडावर जाऊन बसली. जाणारे-येणारे थट्टा करायचे.

"काय काकी, होडीत मासं पालतेस काय?"

"पालते. तुझ्या डोस्क्यातल्या पान्यात जगतात, तर इथं का न्हाय जगनार?"

इंजिन तिनं पडवीत आणून गोणपाटावर आडवं ठेवलं होतं. अधूनमधून खोबरेल लावून पुसायची. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही, हा पेच दरवर्षी गावातल्या बायकांना पडायचा. ती न बोलावताच यायची, म्हणून तो सुटायचा.

मी फायबरचं काम करते. पाण्याच्या टाक्या, न्हाणीघराचे दरवाजे, पत्रे आणि होड्या. माझी शेड काकीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे ती होडी मला रोज दिसायची आणि रोज खुपायची. फायबरची होडी म्हणजे सगळी फायबर नसते. मागचा फळा, ज्यावर इंजिन टांगतात, तो आतून प्लायवूडचा असतो. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी फायबरची कातडी चढवलेली. कातडी आपल्यापेक्षा जास्त जगते. आतलं लाकूड मात्र पाणी धरलं की कुजतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. हातोडीनं ठोकून बघावं लागतं. धड फळा टणटणतो. कुजलेला भद्द वाजतो.

दर मे महिन्यात मी जाऊन ठोकायची. आवाज वर्षागणिक खाली येत होता.

"काकी, बूच काढ. चार महिने पाणी साचून राहतं. तू कितीही उपस, तळाला राहतंच."

"तू टाक्या बनव बाय. पानी साठवायचं तुझं काम. मना नको शिकवू."

मग एका श्रावणात तिनं मला हाक मारली. फळ्यावर इंजिनच्या बोल्टांची जी जुनी भोकं होती, त्यातून तपकिरी पाणी ओघळत होतं. पांढऱ्या फायबरवर दोन लांब रेघा.

काकी हलक्या आवाजात म्हणाली, "रडते गो ती."

"रडत नाही. प्लाय कुजलाय."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरले होते. पण ती व्यवहारी बाई होती. मासे विकून तिनं मुलीचं लग्न अलिबागला करून दिलं होतं. दिवाळी झाल्यावर ती शेडवर आली आणि टोपली खाली ठेवून बसली. ही बसायची तऱ्हा मला ठाऊक होती. बाजारात ती अशीच बसायची.

"फला नवा कर. पन बुचाच्या भोवती वीतभर जागा सोड."

"मग दुरुस्ती कशाला करू?"

"बरं, मूठभर सोड."

"नाही."

"चार बोटं सोड. चार बोटांनी तुझं काय जातंय?"

"काकी, कुजायला सुरुवात तिथूनच झालीय. ती चार बोटं ठेवली तर नवा प्लायसुद्धा दोन पावसांत संपेल."

"दोन पावसालं लय झालं. तवर येल तो."

"आणि नाही आला तर?"

हे वाक्य तिच्या घरात, गावात, बाजारात इतक्या वर्षांत कुणी बोललं नसावं. मी बोलले, कारण समोर काम होतं आणि कामाचं बोलणं चाललं होतं. काकी उठली. टोपली डोक्यावर घेतली.

"बायमानूस असून ग्राइंडर चालवतेस. म्हून तोंड पन तसंच चालवायचं काय?" मग दारातून वळून, "र्‍हाऊ दे मंग."

आता ती बोलणार नाही असं वाटलं होतं. दुसऱ्याच सकाळी तिनं मला बांगडे आणून दिले आणि ते साफ करताना माझा हात कसा चुकतो ते सांगितलं. होडीचा विषय मात्र तिनं पुन्हा काढला नाही. मीही नाही.

या माघात ती गेली. थंडीतापाचं निमित्त झालं. शेवटच्या दिवशी दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. मुलगी आत पेज करत होती. काकीचे डोळे मिटलेले. तेवढ्यात खाडीकडून इंजिनचा आवाज आला आणि तिचं बोट गोधडीवरून वर उठलं. मी वाट पाहत बसले. आवाज जवळ आला, मोठा झाला, थांबला. बोट हळूच खाली आलं.

ती "तो न्हाय" म्हणाली नाही.

काहीच म्हणाली नाही. संध्याकाळच्या आत गेली. नंतर मी जेटीवर विचारून पाहिलं, त्या वेळी कोण आलं होतं. कुणाला सांगता आलं नाही. आता आमच्या खाडीत दिवसभर होड्या येतात-जातात आणि त्यांची नोंद कुणी ठेवत नाही, तेव्हा त्यात काही अर्थ काढण्यासारखं नाही. तरी सांगून ठेवते.

मग तिला न्यायच्या वेळी बायकांत वाद सुरू झाला. सवाष्ण म्हणून हिरवी साडी नेसवायची, मळवट भरायचा, ओटी भरायची, की साधी साडी? एक म्हातारी हट्टाला पेटली.

"नवरा मेलाय तिचा. सगल्यांना ठाव हाय."

"कुणी पाहिलाय?" मी विचारलं.

म्हातारीनं हातातली साधी साडी खाली ठेवली.

"मग ओटी भरा. स्मशानाच्या वाटेवर भरतीचं पाणी येईल थोड्या वेळात."

ओटी भरली. काकी हिरव्या साडीत, कपाळभर कुंकवात गेली. चेहरा असा, जणू सौदा मनासारखा झालाय. मला त्या वेळी वाटलं, बरं केलं. घरी येऊन पाय धुताना लक्षात आलं की आपण काय करून बसलो. बायको सवाष्ण गेली, म्हणजे नवरा गावाच्या लेखी अजून जिवंत. घराला कुलूप, वाट बघणारं कुणी नाही, आणि तो मात्र तिकडे समुद्रावर. तोवर त्याची एक जागा तरी होती, काकीच्या कानात. आता तीही नाही.

तेव्हापासून इंजिनचा आवाज आला की माझा हात थांबतो. मी कुणाला सांगितलेलं नाही. शेडमध्ये आवाज इतका असतो की कुणाच्या लक्षातही येत नाही.

एप्रिलअखेर काकीची मुलगी आली. घरासमोर उभी राहून म्हणाली, "ताई, मला ती होडी बघवत नाही. नीट कर आणि ज्याच्या उपयोगी पडेल त्याला दे."

"बूच काढावं लागेल."

"काढ."

"तू काढतेस?"

तिनं हात मागं घेतले. "आईनं मला कधी हात लावू दिला नाही गं. तूच काढ."

म्हणून आज काढलं. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांचं बूच, जोर लागेल, कदाचित फोडावं लागेल. लाकडाचा तुकडा लावून आतून दोन ठोके मारले आणि ते बाहेर पडलं. भोवतीचं लाकूडच इतकं मऊ झालं होतं, की बुचाला धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं. मागोमाग फळ्यात मुरलेलं काळपट पाणी आलं. ते बराच वेळ येत राहिलं. मी बाजूला उभी राहून बघत होते. वाळूनं ते सगळं पिऊन टाकलं.

मग आतली कातडी कापून उचलली. बाहेरची तशीच ठेवायची असते, नव्या प्लायला आकार मिळतो. आतला फळा हातानं निघत होता, चहाच्या चोथ्यासारखा. वर, इंजिनच्या बोल्टांपाशी थोडं धड लाकूड सापडलं. सगळ्यात वाईट कूज बुचाभोवती. मी सांगत होते अगदी तसंच. सगळं खरं ठरलं आणि ऐकवायला समोर कुणी नव्हतं. काकी असती तर म्हणाली असती, तूच ठोकून ठोकून कुजवलंस.

बुचाचं काय करायचं ते कळेना. मुलीला फोन केला.

"काय करतात त्याचं?" तिनं विचारलं.

"काही करत नाहीत. बूच आहे ते."

"मग तू टाकलं का नाहीस?"

भुशाबरोबर जाळावं असं वाटेना. समुद्रात सोडलं, तर लाकूड आहे, तरंगत परत इथंच येणार. शेवटी मधल्या आळीच्या पलीकडे जी जुनी विहीर बुजवलीय, तिथं माडाच्या मुळाशी पुरलं आणि हात धुतले.

संध्याकाळी फळ्याची मापं घेतली, नवा मरीन प्लाय दोन थरांत कापून ठेवला, कडा तासल्या. कामात मन होतं. पण शेड बंद करताना होडीकडे पाहिलं, तर ती पहिल्यांदाच इतर होड्यांसारखी दिसली. मागं उघडी, रिकामी, वाळूवर आलेली. काकीच्या नवऱ्याची ती फेरी संपली होती. ज्यानं ठोकलं त्यानं काढलं नाही. मी काढलं.

आमच्याकडे दूरच्या माणसाच्या मरणाची बातमी आली, की ऐकणाऱ्यानं डोक्यावरून अंघोळ करायची असते. बातमी जुनी असली तरी, ज्या दिवशी कळेल त्या दिवशी. काकीच्या नवऱ्यासाठी गावात ती अंघोळ कुणी केलेली नाही. कधी करायची, तेच कुणाला कळलं नव्हतं. काकीनं कळू दिलं नव्हतं. माझं त्यांच्याशी नातं नाही, आम्हाला सुतक लागत नाही, आणि मी असल्या गोष्टींत फार पडत नाही.

३ मे. सकाळी उठले, न्हाणीत गेले आणि गार पाणी डोक्यावरून घेतलं. मग ओले केस घट्ट बांधले, शेडवर जाऊन रेझिन कालवलं आणि नवा फळा बसवला.