जित्या बाईला नेलेला कडू घास

पोरगी झोपलीय तवर सांगून घेती, ती उठली का माझं काय खरं न्हाई.

आमचे हे जर्मनीत हायत. इंजिनियर झाल्याव रांजणगावला एका कंपनीत मशिनीवर व्हते, मंग पुण्याला क्लास लावून तिकडची भाषा शिकले आन् गेले. मी आठवीपातूर शिकले. ते गेले तवा मला सातवा म्हैना चालू व्हता. पोरगी झाली दौंडला, माझ्या माहेरी. आमचं घर रुळाच्या कडंला हाय, गाडी गेली का मांडणीवरली भांडी वाजत्यात, पोरगी त्या आवाजात खुशाल झोपायची. ह्यांनी तिला पयल्यांदा बघितलं ते फोनमधी, आन् बोलायच्या आधी गाडी आली, ते म्हणले, "पाच मिंटं थांब, गाडी जाऊ दे," आन् आम्ही दोघं बी नुसतं बघत बसलो.

नंतर मी निमोण्याला आले, सासरी. घरात मी, पोरगी आन् सासू. सासूला मी आत्या म्हंती. मळ्यात घर हाय, मागं ऊस. बिबट्यामुळं दिस मावळायच्या आत दार लावावं लागतं. जेवणं झाली का आत्या फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा करायच्या, तिकडं तवा कंपनी सुटून सांज झालेली असायची. मंग ह्यांच्या गमती चालू व्हायच्या, आन् त्या गमतीनंच सगळं झालं.

तिकडं गेल्याव पयल्याच आठवड्यात हे पेढ्याचा बॉक्स घिऊन सगळ्या बिल्डिंगीत दारोदार गेले, मी नवीन आलोय, ही आमच्याकडची मिठाई, असं पाठ करून. कुणी दार पुरं उघडलंच न्हाई. एक माणूस म्हणला, नको, आम्हाला काय विकत घ्यायचं न्हाई. एकीनं पेढा घेतला आन् दारातच इचारलं, ह्याच्यात काय काय हाय, आन् हे सांगेपातूर ऐकून घेतलं, मंग परत दिला.

आत्या म्हणल्या, "मंग तू आत का न्हाई गेलास?"

"आई, तिथं आत या म्हंत न्हाईत."

"म्हणायचं कशाला? आपुन जायाचं. पाणी मागायचं."

मंग एकदा कंपनीतल्या माणसानं जेवायला बोलावलं. तीन आठवडे आधी बोलावलं, तारीख लिवून. हे गेले ते संगं दोन पोरं घिऊन, एक नगरचा, एक बिहारचा, खोलीत एकटी बसली व्हती म्हणून. आपल्याकडं दोन माणसं वाढली तर कोण इचारतंय. तिथं खुर्च्या मोजून, ताटं मोजून, मांसाचे तुकडे मोजून. त्या माणसानं स्वताचा तुकडा कापून दोन ताटात टाकला, आन् त्याच्या बायकूनं तिचा. हे सांगताना हासत व्हते पर कान लाल झालं व्हतं, मला फोनमधी बी दिसलं.

"माणसं हायत का पाव्हणं मोजायची मशिन," आत्या म्हणल्या. "तू इकडं आल्याव त्यास्नी बलाव. बोकड कापू."

"आई, हळू बोल."

कारण तवर भिंत वाजायची. ह्यांच्या शेजारच्या खोलीत एक म्हातारी ऱ्हायची, एकटी. आत्यांचा आवाज मोठा, बांधावनं बोलायची सवय, आन् हे बी तसंच वरडून बोलणार. आवाज वाढला का म्हातारी काठीनं भिंत ठोकायची. ढप, ढप. त्यो आवाज फोनमधनं आमच्या घरात यायचा, आन् दौंडला रेल्वेच्या खडखडाटात झोपणारी माझी पोरगी त्या ढप आवाजाला मान वळवायची. फोनाकडं न्हाई. आमच्या भिंतीकडं. मी आत्यांना म्हणलं बी. त्या म्हणल्या, लेकरं बघत्यात कुठं बी.

एक दिस हे म्हणले, "शेजारच्या आज्जीकडं कायतरी झालंय. दारात माणसं उभी हायत, सगळ्यांनी काळे कपडे घातल्यात. बाया बी. कुणी बोलत न्हाई."

आत्या उठून बसल्या. "कोण गेलं?"

"तिचं कोण हाय का तेच माहीत न्हाई."

"आरं, मंग बसलायस काय असा? शेजारी हायस ना तू? घास नेला पायजे."

आमच्याकडं कुणाच्या घरी माणूस गेलं का त्या दिवशी त्या घरची चूल पेटत न्हाई. भावकीतलं न्हाईतर शेजारचं कोणतरी पिठलं-भाकरी करून नेतं, जबरदस्तीनं दोन घास खायाला लावतं. त्याला कडू घास म्हंत्यात. ह्यांचा बाप गेला तवा पलीकडच्या मळ्यातल्या, ज्यांच्याशी बांधावरनं बोलणं बंद व्हतं, त्यांनी आणला व्हता. त्यामुळं ह्यास्नी ते पटलं. भाकरी काय जमंना, म्हणून भात टाकला, बेसन तिकडं दुकानात मिळतं, पिठलं केलं. आत्या फोनमधनं सांगत व्हत्या, फोडणी देऊ नको, कोथमीर टाकू नको, आन् तिथं जाऊन बोलू नको जास्त. मी पोरगीला घिऊन मागं उभी. मला आपलं वाटत व्हतं, पेढ्याचं तसं झालं, आता हे नको. पर सासूपुढं काय बोलणार.

ते गेले. फोन टेबलावर राह्यला, छताकडं तोंड करून. आम्ही तिकडचं छत बघत बसलो. लांबनं दार उघडल्याचा आवाज आला, मंग बाईचा आवाज, मंग ती हासली. मोठ्यानं. आत्यांनी माझ्याकडं बघितलं.

हे परत आले ते पांढरे पडून. म्हणले, "आई, कोण मेलं न्हाई."

ती म्हातारी कुठल्यातरी मंडळात गाणं म्हंती, चर्चमधी. गाणाऱ्यांनी काळे कपडे घालायचे अशी तिथं रीत. ती माणसं तिला न्यायला आली व्हती. ती पण तयार व्हऊन काळ्या कपड्यात दारात, आन् हे पिठलं-भात घिऊन पुढं.

"मंग म्हणला काय तू?"

"काय म्हणणार. म्हणलं, शेजारी म्हणून आणलंय. तिनं उभ्यानंच चमचा घातला. म्हणली लई चांगलं हाय."

मला हासू आलं व्हतं. आत्यांकडं बघितलं आन् ते गेलं. त्यांनी चुलीपुढची राख उचलून दारात टाकली. एवढंच म्हणल्या, "कोण मेलं नसताना खाल्ला. घास आपलं मयत धुंडीत ऱ्हाणार आता."

म्हातारीला मातर ते गोड लागलं. दर शनवारी भांडं रिकामं करून, धुऊन, ह्यांच्या दारात ठिवायची, म्हंजी परत आणा. आन् हे न्यायचे. बिल्डिंगीत दुसरं कोण दार उघडत न्हवतं, हिनं एकटीनं आत बोलावलं, खुर्ची दिली, ह्यांची भाषा सुधारून घेतली. कुठं कुणाला काय म्हणायचं, जेवायला जाताना किती जणांनी जायाचं, सगळं तिनं शिकवलं. ह्यांचा आवाज बदलला, खुशीत असायचे. आत्या दर शनवारी म्हणायच्या, "दुसरं कायतरी ने की रं. उसळ ने." हे म्हणायचे, तिला तेच पायजे. शेवटी एकदा तिनं इचारलंच, हे तुमच्याकडं कवा करत्यात. ह्यांना खोटं बोलता येत न्हाई. सांगून टाकलं. ती म्हणली, बरं झालं, माझ्यामागं कोण आणणार हाय, मी आधीच खाऊन घेती.

हे त्यांनी आम्हाला हासत सांगितलं. मी त्या दिवशी जेवले न्हाई.

एकदा ती फोनवर बी आली. पांढरे केस, बारीक तोंड, फोन लई जवळ धरलेला, नुसता एक डोळा आन् गाल. पोरगीला कायतरी म्हणली, सावकाश, आपुन गोष्ट सांगतो तसं. मला शब्द बी कळला न्हाई. आन् पोरगी, जी बापाला बघून रडायची, तिला बघून हासली. मी पटकन पदर आडवा धरला. का धरला ते मला सांगता येत न्हाई.

तवर माझा आन् पोरगीचा व्हिसा आला. हे म्हणले, थंडी कमी झाली का या. तिकिटाचं बघतो. मी हो म्हणलं आन् न्हाणीत जाऊन बसले. तिथं त्या भिंतीला लागून झोपायचं, लेकरू घिऊन, आन् पलीकडं ती बाई जिनं तसला घास मागून मागून खाल्लाय. आत्यांना सांगितलं तर त्या म्हणल्या, "मला इचारू नको. नको जाऊ म्हणलं तर माझा पोरगा तिकडं एकटा, जा म्हणलं तर नात जाती."

मंग एका आठवड्यात भिंत वाजली न्हाई. आत्या नेहमीसारखं वरडत व्हत्या, कांद्याच्या भावावनं, आन् मी ऐकत व्हते, ढप कवा येतंय. आलंच न्हाई. दुसऱ्या दिवशी बी न्हाई. मी म्हणलं, "अहो, आज्जीचा आवाज न्हाई."

"कुठं गेली असंल गाणं म्हणायला."

"बघून या की."

"असं उगा कुणाच्या दारात जात न्हाईत हिथं. आधी कळवावं लागतं. तिनंच शिकवलंय मला. तिनं भांडं ठिवलं का मी जाईन."

भांडं आलं न्हाई. खाली तिच्या पत्राच्या पेटीतनं कागद बाहेर यायला लागले तवा खालच्या माणसानं पोलिसाला फोन केला. दार उघडलं तवा हे जिन्यात व्हते. ती मोरीत पडलेली, कवाची कुणास ठाऊक. ह्यांचं पिठल्याचं भांडं वट्यावर धुऊन पालथं घातलेलं, फक्त दारापर्यंत आणायचं राहिलं व्हतं.

ते आम्हाला सांगताना रडले न्हाईत. म्हणले, "तू म्हणलीस तवा गेलो असतो तर." मी म्हणलं, तसलं काय मनात आणू नका. पर मी तसलंच मनात आणत व्हते.

मातीला तीच माणसं आली, त्याच काळ्या कपड्यात, आन् गायली. ह्यांनी सकाळी पिठलं केलं व्हतं. फोडणी न देता. न्यायचं कुणाकडं? तिचं घर बंद, कुलूप पोलिसाचं. मंडळातल्या माणसांना दिलं तर ती म्हणणार, ह्याच्यात काय काय हाय. ते भांडं हातात घिऊन परत वर आले.

आत्यांनी इचारलं, "मंग केलं काय त्याचं?"

"मीच खाल्लं."

आत्यांनी फोन खाली पालथा घातला. मंग मला म्हणल्या, "ज्याच्या घरचं माणूस जातं त्यो खातो घास. आता ती ह्याच्या घरची झाली."

त्याच्यापासनं हे हळू बोलायला लागले. बारीक, व्हटाच्या आत. आम्हाला आयकू यायचं न्हाई, आत्या म्हणायच्या मोठ्यानं बोल, तर ते भिंतीकडं बघायचे. पलीकडं कोण न्हाई हे त्यांनाच माहीत, तरी. कंपनीतनं खोलीत, खोलीतनं कंपनीत. नगरचा पोरगा बोलवायला आला तर आतनं आवाज दिला न्हाई म्हणले. दिवा लावायचे न्हाईत, फोनच्या उजेडात नुसतं तोंड दिसायचं. आन् माझी पोरगी, ह्यांचं तोंड समोर असताना, मान वळवून भिंतीकडं बघायची. आवाज नसताना. मी तिची मान हातानं सरळ करायची, ती परत वळवायची.

मी दौंडला गेले चार दिस, आईला म्हणलं, मला न्हाई जमायचं. आई भांडी घासत व्हती. म्हणली, "नको जाऊ. जावयालाच म्हणावं, ये परत. इथं काय कमी हाय." मला बरं वाटलं. येताना एसटीत मी ठरवूनच आले, आज सांगायचं. न्हावऱ्यापातूर वाक्य पाठ केलं.

दार लावलं, आत्यांनी फोन उभा केला. हे अंधारात. मी वाक्य म्हणायला तोंड उघडलं तर तेच म्हणले, हळू, "शेजारी कोण तरी ऱ्हायला आलंय. सकाळपासनं सामान चाललंय."

"कोण हाय?"

"माहीत न्हाई. जिन्यात आवाज येतोय, मी दार उघडलं न्हाई. एक बाई हाय वाटतं. लेकरू रडत व्हतं."

त्या मोरीत आता दुसरं कोण तरी लेकराला न्हाऊ घालणार, आन् तिला कुणी सांगितलं बी नसंल. हे तसंच बसलेले, कपाळ दिसतंय, डोळं न्हाई. आन् मला एकदम कळलं, हा माणूस आज पण दार उघडणार न्हाई, उद्या पण न्हाई, आन् मंग खाली ह्यांच्या नावाची पेटी हाय, तिच्यातनं कागद बाहेर येतील.

मी म्हणलं, "अहो, जावा. बघून या."

"कळवल्याबिगर?"

"कळवल्याबिगर."

ते जाग्यावरनं उठले. मंग म्हणले, "काय घिऊन जाऊ?"

आत्या लसूण सोलत व्हत्या, त्यांचा हात थांबला.

"काय बी नेऊ नका," मी म्हणलं. "मोकळ्या हातानं जावा, नाव सांगा, आन् दिवा लावा आधी. जेवायचं मी आल्याव बघू."

बोलून गेल्याव मला कळलं मी काय बोलले. आत्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. लसणाच्या पाकळ्या गोळा केल्या आन् म्हणल्या, "पोरगीला गरम कपडं घ्यावं लागतील. शिरूरला बघू, बाजाराच्या दिवशी."

फोनमधी दिवा लागला. मी पोरगीला आत्यांच्या मांडीवर दिलं.