कुलूप लावण्याआधीचा अर्धा तास

माझ्या जिवलग मैत्रिणीच्या घराला माझ्याच बाबांनी कुलूप लावलं होतं.

आज त्यांच्याबद्दल लिहायचंय ते त्यासाठीच. बाबा मंगळवारी गेले.

भिलाईबाहेरच्या मित्रांसाठी सांगते. इथे स्टील प्लांटमधली नोकरी संपली की कंपनीचं क्वार्टर सोडावं लागतं. सामान ट्रकमध्ये चढलं की बाबा फॉर्म घेऊन तिथे जायचे. नळ, बल्ब, खिडक्यांच्या काचा तपासायच्या, सही घ्यायची, कुलूप लावायचं आणि चाबी ऑफिसात जमा करायची. रिटायर होईपर्यंत त्यांनी हेच केलं.

सेक्टरमधली पोरं त्यांना 'तालेवाले अंकल' म्हणायची. मी अर्थातच 'तालेवाले अंकल की बेटी'.

मला या नोकरीची भयंकर लाज वाटायची. कुणाचे बाबा क्रेन चालवायचे, कुणाचे फर्नेसवर असायचे. आमचे लोकांची घरं बंद करत फिरायचे.

पण बाबांची स्वतःची एक पद्धत होती. कुठल्याही नियमात नसलेली.

कुलूप लावायच्या आधी ते गल्लीतल्या पोरांना हाक मारायचे, "चला रे, अर्धा घंटा हे घर तुमचं."

जाणारी पोरं, राहणारी पोरं, सगळी रिकाम्या घरात धुडगूस घालायची. बाबा तोवर तोच नळ तीन-तीनदा तपासत राहायचे.

आई चिडायची. "लोकं कामं आटपून घरी येऊन राहिले, अन् तुमी पोरं खेळवून राहिले."

एकदा बाबांनी तिला सांगितलेलं मी ऐकलं होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एक क्वार्टर बंद केलं. चार दिवसांनी तिथून जाताना पाहतात तर शेजारचा पाच वर्षांचा मुलगा दारावर थापा मारतोय. बाबांना पाहून म्हणाला, "पप्पू अंदर है. आपने उसको बंद कर दिया."

बाबा ऑफिसात गेले, चाबी घेऊन परत आले. त्याला बोटाला धरून एकेक खोली दाखवली. मोरीसुद्धा.

"रिकामं घर लेकरायले दाखवाच लागते," ते आईला म्हणाले. "नाही त ते दोस्ताले त्या दारामागंच शोधत रायतात."

मी अकरा वर्षांची असताना रोशनीच्या बाबांनी व्हीआरएस घेतली. रोशनी म्हणजे आमच्या भिंतीपलीकडची. शाळा, डबा, उवा, सगळं आमचं एकत्र. ते लोक भंडाऱ्याकडे गावी जाणार होते.

मी बाबांना म्हटलं, "तुमी नका लावू कुलूप. दुसऱ्या कोणाले सांगा ना."

"दुसरा लावन त लवकर लावन," ते म्हणाले.

मला काही ते कळलं नाही. मी बोलणंच बंद केलं. त्यांच्याशी, आणि का कोण जाणे, रोशनीशीही. ती दोनदा दाराशी येऊन गेली. मी पुस्तकातून मान वर केली नाही. हट्टी मी पहिल्यापासूनच.

त्या दिवशी ट्रक भरला. गल्लीतली पोरं खेळून बाहेर आली. मी आमच्या घरात, पलंगाखाली.

खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. रोशनीचे बाबा म्हणाले, "भाऊ, लावून टाका आता."

"थांबा जरा. एक जण बाकी आहे."

बाबा रोशनीच्या पायरीवर डोक्यावर ऊन घेऊन बसले होते म्हणे. आई आत आली, खाली वाकली आणि म्हणाली, "तुले नसन जायचं त नको जाऊ. पण तुहा बाप काही उठत नाही तिथून."

मी गेले ती खरं तर भांडायलाच. बाबांनी मला तोंड उघडू दिलं नाही. फक्त बाजूला सरकले, दारात वाट करून दिली.

आत रोशनी एकटी उभी होती.

ती म्हणाली, "लपाछपी?"

रिकाम्या घरात लपाछपी म्हणजे निव्वळ वेडेपणा. लपायला एक पेटीसुद्धा नाही. ती स्वयंपाकघराच्या दारामागे लपली, खाली तिचे पाय दिसत होते.

मी तिला खूप वेळ शोधलं. सगळ्या खोल्यांत शोधलं. ती दाराआड हसत होती, मग नाक ओढायला लागली, तरी मी शोधत होते.

बाबांनी बाहेरून विचारलं, "झालं का बाई?"

"झालं," आम्ही दोघी म्हणालो.

ट्रक गेल्यावर त्यांनी कुलूप लावलं आणि मी त्यांच्याच पोटाला मिठी मारून रडले.

पुढे रोशनीची दोनच पत्रं आली, खोटं कशाला सांगू. पण महिन्याभरात त्या क्वार्टरमध्ये नवे लोक आले, तेव्हा त्यांच्या मुलीला खेळायला बोलवायला मी स्वतःहून गेले. आपण हे करू शकलो ते कुणामुळे, हे कळायला मला फार वर्षं लागली. बाबांना ते सांगायचं मात्र राहूनच गेलं, म्हणून आज इथे सांगतेय.

काल इथल्याच कोहका वस्तीतल्या आमच्या घरी बाबांची खोली आवरली. गादी, कपडे, औषधं, सगळं हलवलं. माझा सात वर्षांचा ओजस बाबांचा पत्त्यांमधला पार्टनर. तो बंद दाराला टेकून बसला होता. उठेना, जेवेना.

आत्या म्हणाली, "लेकराले तिकडं नको पाठवू. घाबरन तो."

मी दार उघडलं. "जा बेटा, पाहून घे."

त्याने पलंगाखाली पाहिलं. पडदा सरकवला. कपाट उघडलं, बंद केलं. कुणीही त्याला घाई केली नाही.

बाहेर येऊन म्हणाला, "मम्मी, आबा कहीं पे नहीं हैं."

"हो बेटा."

मग तो तीन दिवसांत पहिल्यांदा रडला. आणि मग जेवला.

बाबा, निघा आता तुम्ही. ओजसला आम्ही सांभाळतो.