बोटीतल्या दुसऱ्या माणसासाठी

माझ्या मावशीचं चष्म्यांचं दुकान होतं. तसं ते दोघांचं, पण काका मागच्या खोलीत भिंगं घासत बसायचे आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं खातं मावशीकडे. काकांच्या तोंडून दिवसभरात दहा वाक्यं निघाली तर त्यातली आठ बोटीबद्दल असायची. त्यांची एकुलती एक लेक, म्हणजे माझी मावसबहीण, शिकायला परगावी गेली त्या वर्षी त्यांनी एक जुनी शिडाची बोट घेतली. नऊ मीटर लांब, एक डोलकाठी, आत दोघांना पाय दुमडून झोपता येईल एवढी केबिन. ताई म्हणायची, "बाबांनी आईला सवत आणली आहे." ते ऐकून मावशी खो खो हसायची.

दर रविवारी दोघं बंदराबाहेर जायची. मावशी मागच्या कोपऱ्यात विणकाम घेऊन बसायची. तिने कधी एखाद्या दोराला हात लावला की काका म्हणायचे, "तू नुसती बस गं, बाकी मी बघतो." वायरलेसच्या पेटीवर झाकणाखाली एक लाल बटण होतं. चुकून दाबलं गेलं तर सगळं बंदर धावत येईल, म्हणून त्यांनी तिला बजावून ठेवलं होतं, "त्याला तेवढा हात लावायचा नाही." हे सगळं ते प्रेमानेच म्हणायचे. आणि तेच नडलं.

त्या रविवारी सकाळचे अकरा वाजले होते. ऊन छान, वारा बेताचा. बोट आपोआप सरळ नेणारं यंत्र लावून काका पुढच्या शिडाचा अडकलेला दोर सोडवायला गेले. लाइफ जॅकेट बाकाखाली घडी करून ठेवलेलं होतं; दोन मिनिटांच्या कामाला कोण अंगात घालतो? एक लाट आडवी आली, बोट कलली आणि काका पाण्यात पडले.

मावशीने त्यांना पडताना पाहिलं. ते वर आले, हात हलवून काहीतरी ओरडले. शब्द वाऱ्यावर गेले. बोटीला काय, मालक आत आहे की बाहेर याचं सोयरसुतक नाही. ती आपली यंत्राने ठरवलेल्या दिशेने चालत राहिली. मावशीने कठड्याला लावलेलं तरंगणारं गोल कडं फेकलं, तोवर ते फार मागे पडले होते. यंत्राची बटणं दाबली तर बोट थोडी डावीकडे वळली, थोडी उजवीकडे, थांबली नाही. मग ती वायरलेससाठी खाली केबिनमध्ये धावली. बोलायचं बटण तिने घट्ट आवळून धरलं आणि "माझे यजमान पडले, माझे यजमान पडले" एवढंच ओरडत राहिली. वर आली तेव्हा चारी बाजूंना पाणी सारखंच दिसत होतं.

नागमोडी जाणारी बोट एका मासेमाराने पाहिली आणि मदत आली, त्याला पाऊण तास लागला. पाणी थंड होतं. काका दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले.

बंदरातला वायरलेसवाला पुढे एकदा दुकानात आला होता. बिचारा चष्म्याच्या निमित्ताने मन मोकळं करायला आला असावा. म्हणाला, "बाई, आम्ही सारखं विचारत होतो, कुठे आहात, कुठे आहात. पण तुमचं बटण दाबलेलंच होतं. ते सोडल्याशिवाय आमचं ऐकू येत नाही. आणि ते लाल बटण दाबलं असतंत ना, तर तुमची जागा आम्हाला आपोआप कळली असती."

मावशीने त्याचा चष्मा पुसून दिला आणि दुकान लवकर बंद केलं.

पण तिला सगळ्यांत खोल लागलं ते ताईचं वाक्य. ताई आली, बापाला शेवटचं पाहून झालं, आणि स्वयंपाकघरात तिने आईला विचारलं, "आई, तेव्हा तू काय करत होतीस?" मी तिथेच उभी होते. आवाज चढलेला नव्हता. ताई चौथ्या दिवशी परत गेली, आणि पुढची सात वर्षं मायलेकींचं बोलणं तब्येत आणि हवापाण्याच्या पुढे गेलं नाही.

सगळ्यांना वाटलं, मावशी बोट विकणार. गिऱ्हाईकही आलं. तिने त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि धक्क्यावरच्या दोरखंडवाल्या म्हाताऱ्याकडे जाऊन म्हणाली, "मला शिकवा. मी एकटी असताना काय करायचं, तेवढंच."

"या वयात?" म्हातारा म्हणाला.

"या वयात. त्या वयात शिकले नाही म्हणूनच."

दोन उन्हाळे ती शिकली. हाताला घट्टे पडले, एकदा दोन बोटं कप्पीत सापडून नखं गेली. तिसऱ्या वर्षी तिने बंदराच्या फळ्यावर कागद लावला: जे बोटीत नुसते बसतात, त्यांच्यासाठी वर्ग. मालकांनी धक्क्यावर थांबावे.

आल्या त्या बहुतेक बायका. एक निवृत्त पोस्टमास्तर होते, ते भावाच्या बोटीत बसायचे. कुणाचे नवरे कुरकुरले. एक आडदांड गृहस्थ तर हमरीतुमरीवर आले, "वीस वर्षं बोट चालवतोय मी!"

मावशी शांतपणे म्हणाली, "तुम्ही उत्तमच चालवता हो. तुम्ही पडलात की कोण चालवणार, एवढंच मी यांना विचारतेय."

पाण्याने अर्धवट भरलेल्या प्लास्टिकच्या पिंपाला जुना कोट घालून तिने एक माणूस केला होता. त्याचं नाव साहेब. ऐन गप्पांत ती त्याला पाण्यात ढकलायची आणि ओरडायची, "साहेब पडले!" पहिल्यांदा सगळ्या हसायच्या. मग हसणं आटायचं, कारण तेवढ्यात साहेब ठिपक्याएवढे झालेले असत.

"आधी तरंगेल ते फेका. उशी फेका, काहीही फेका. आणि नजर काढायची नाही. एका हाताचं बोट त्याच्याकडे रोखून धरायचं, दुसऱ्या हाताने काम करायचं," ती सांगायची. यंत्र बंद करायचं कसं, बोट वाऱ्याच्या तोंडावर वळवून शिडांचे दोर सैल सोडायचे कसे, हे ती प्रत्येकीकडून वीस-वीस वेळा करून घ्यायची. इंजिन लावण्याआधी पाण्यात दोर लोंबत नाही ना हे पाहायचं, नाहीतर तो बोटीखालच्या पंख्यात गुंडाळतो आणि इंजिन गेलंच. माणसाजवळ पोचलं की पंखा थांबवायचा. लाल बटण पाच सेकंद दाबून धरायचं. बोलायचं बटण मात्र बोलून झालं की सोडायचं आणि ऐकायचं. हे शेवटचं ती दर वेळी दोनदा सांगायची. सगळ्यांत अवघड काम म्हणजे भिजलेला माणूस वर घेणं. साहेबांना शिडीवरून ओढताना दोघी-तिघींचा जीव मेटाकुटीला यायचा. मग ती कप्पी आणि दोर लावून तेच काम एकटीने करून दाखवायची. वर्ग संपला की मालकांना बोलावून एकच ताकीद: जॅकेट अंगात, आणि पुढे जाताना कमरेचा दोर बोटीला अडकवलेला.

एका वर्षी एक बाई दुकानात येऊन मावशीच्या गळ्यातच पडली. तिचा नवरा पडला होता आणि तिने त्याला अकरा मिनिटांत वर घेतलं होतं. मावशीने तिला शाबासकी दिली, पाणी दिलं. ती गेल्यावर मावशी मागच्या खोलीत जाऊन रडली. मी पाठीवर हात ठेवला तेव्हा म्हणाली, "आनंद झाला गं. आणि रागही आला. कुणाचा ते विचारू नकोस."

ताई आली ती आठव्या वर्षी, न कळवता. वर्गाच्या दिवशी धक्क्यावर येऊन म्हणाली, "मला पण बसू दे." मावशीने तिला जॅकेट दिलं, पट्टे स्वतः आवळले, आणि बंदराबाहेर गेल्यावर सुकाणूपाशी उभं केलं. मी पुढे दोर धरून होते. मावशीने ताईसाठी वेगळं काही केलं नाही. दहा मिनिटांनी ती ओरडली, "साहेब पडले!"

ताईने फेकायची उशी फेकली. मग यंत्र बंद करायला खाली वाकली, बटण शोधलं, दाबलं, मान वर केली. लाटा चमकत होत्या. ती या बाजूला पाहते, त्या बाजूला पाहते. पिंप कुठेच दिसेना.

"कुठे गेलं? आई, आत्ता तर इथे होतं!"

मावशीची नजर हललेली नव्हती. तिचं बोट पाण्याकडे रोखलेलं होतं. "तिथे."

"एवढ्यात?" ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, एवढ्यात?"

"हो गं. एवढ्यातच."

ताई सुकाणू धरूनच रडायला लागली. मावशीला तिला जवळ घेता आलं नाही, तिचा हात पिंपाकडे रोखलेला होता. ती म्हणाली, "रड. पण वाऱ्याकडे वळव." ताईने बोट वळवली. तिघींनी मिळून पिंप वर घेतलं. त्या दिवशी ताई घरी जेवली आणि राहिली. माफी तिने मागितली नाही, मावशीलाही ती नको होती. पण त्यानंतर ती दर महिन्याला यायला लागली.

मावशीचे गुडघे गेल्यावर वर्ग तिच्याच दोन विद्यार्थिनींनी चालवायला घेतला. शेवटच्या हिवाळ्यात ती अंथरुणावर होती. ताई उशाशी, मी पायाशी. मी सहज म्हटलं, "मावशी, तुझा किती जीव होता ना समुद्रावर."

"मला तो कधीच आवडला नाही," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून पोटात ढवळायचं. ते खूश असायचे म्हणून जायचे मी."

ताईने विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"छे गं. सांगणार कधी? त्यांना वाटायचं मला आवडतं, म्हणून तेही दर रविवारी न चुकता न्यायचे." ती थोडं हसली, आणि धाप लागली म्हणून थांबली. ताईने तिला उठवून बसवलं आणि पाठ चोळत राहिली.