किंकाळी, आरोळी आणि "अहो!"

ठाण्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवीत असे, आणि ओरडण्याची क्रियापदं हा माझा हुकमी खेळ होता. शाउट म्हणजे लांबच्याला ऐकू जावं म्हणून आवाज चढवणं. त्यासाठी मी खिडकीतून रस्त्यावरच्या टांगेवाल्याला आरोळी ठोकी. यल म्हटलं की आवाजाला धार हवी, रागाची नाहीतर उन्मादाची. तेव्हा मी टेबलावर मूठ आपटी. बॉल म्हणजे गळा काढून ओरडणं, त्यासाठी चक्क भोकाड पसरी. आणि स्क्रीम! ती भेदरलेली किंकाळी, तिला शब्दसुद्धा लागत नाहीत. ती एकदाच करून दाखवली, तर हेडमास्तर एकाच पायात जोडा घालून धावत आले.

पण या शब्दांचा खरा कस लागला तो कल्याण स्टेशनात, भर दुपारी.

मी नाशिकच्या गाडीत बसलो होतो. शेजारच्या बायकांच्या डब्यातून एकाएकी किंकाळी आली. उतरून पाहतो तो एक तरुण बाई, कडेवर तान्हं मूल, खिडकीतून अर्धी बाहेर. यजमान तांब्या घेऊन पाण्याला उतरलेले, दोघांची तिकिटं त्यांच्या कोटात, आणि इंजिनाने शिटी दिलेली! आगगाडीत ती जन्मात पहिल्यांदाच बसली होती. आता गाडी तिला एकटीला घाटापलीकडे नेणार!

गोरा गार्ड हिरवं निशाण घेऊन तरातरा आला. यजमान पाण्याला गेल्याचं मी त्याला सांगितलं.

"व्हाय इज शी स्क्रीमिंग? टेल हर टु कॉल हिम!"

वा! काय नेमकं बोलला पठ्ठ्या! मी खिडकीशी धावलो. "वहिनी, साहेब म्हणतात किंचाळू नका, हाक मारा!"

तिने पदर सावरला आणि जीव खाऊन हाक मारली, "अहोऽऽ!"

फलाटावरचे निम्मे पुरुष वळले. दोघे तर धावतच आले आणि तिला पाहून ओशाळून परत गेले.

"नाव घालून हाक मारा, वहिनी!"

"इश्श! नाव कसं घेऊ?"

"मग मला सांगा, मी ओरडतो."

"अहो दादा, तुम्हाला सांगायचं तरी घ्यावंच लागेल ना!"

मी साहेबाला समजावलं, की नवऱ्याला नावाने कॉल करायची इथे बंदी आहे, शाउट वाया गेला, आता स्क्रीमच शिल्लक आहे. त्याने घड्याळ काढून माझ्या नाकासमोर धरलं.

आणि मला सुचलं! "वहिनी, उखाण्यात घ्या!"

"इथे?"

"लग्नात घेतलंत तसंच. फक्त वाघिणीसारखं!"

तिने डोळे मिटले. हमाल डोक्यावरच्या ओझ्यासकट थबकले. आणि काय तो खडा आवाज!

"कल्याणच्या फलाटावर गर्दी झाली फार,
…राव, धावत या, गाडी सुटणार!"

मोकळ्या जागी काय होतं ते मी लिहीत नाही. तो मान तिचाच. पण फलाटाला कसली भीड! हमाल, फेरीवाले, उतारू, सगळ्यांनी ते नाव उचललं आणि एकच गिल्ला केला, "…राव, धावत या!"

नळाकडून एक किडकिडीत गृहस्थ सुटले. पगडी तिरपी, धोतराचा सोगा हातात, तांब्यातलं निम्मं पाणी कोटावर. साहेब निशाण विसरून हसत होता. "व्हॉट डू यू कॉल दॅट?" त्याने मला विचारलं. माझ्याकडे क्रियापदच नव्हतं!

गृहस्थ धापा टाकत खिडकीशी आले, लाल होऊन म्हणाले, "अगं, चारचौघांत माझं नाव घेतलंस?"

"उखाण्यात घेतलं," ती ठसक्यात म्हणाली. "आधी चढा!"